ओलाउगच्या दारातली पायरी

ओलाउग त्वाइतेने स्वतःच्या घराची दगडी पायरी उपटून टाकली ती लोकांना कॉफी पाजावी लागू नये म्हणून, अशी कुजबुज एका वसंतात आल्मविक गावात उठली. उठवली गुन्वोरने. दुकानातल्या कॉफीच्या यंत्राशेजारी जे बाक आहे, त्याची ही गुन्वोर कायमची मालकीण. तिच्या तोंडात तीळ भिजत नाही. म्हणूनच गावाला काही कळवायचं असेल तर लोक फलकावर कागद डकवत बसत नाहीत, गुन्वोरच्या कानात "कुणाला सांगू नकोस" एवढं म्हणतात.

"दार जमिनीपासून गुडघाभर वर," गुन्वोर सांगत होती. "आणि खाली काय ठेवलंय? मासळीचा खोका. पालथा. त्याच्यावर चढून आत जायचं. मी म्हटलं, ओलाउग, अगं मी काय वाळवायचा मासा आहे का?"

"मग ती काय म्हणाली?"

"म्हणाली, बघू या. आणि कॉफी बाहेर आणून दिली. उभ्याउभ्या. वॉफल नाही, काही नाही."

बाकावरच्या सगळ्यांनी आपापल्या कपात बघितलं. आल्मविकमध्ये माणसाला चोर म्हणा, तो हसेल. देव मानत नाही म्हणा, खांदे उडवेल. पण कॉफीला हात आखडतो म्हटलं की दोन पिढ्या बोलचाल बंद होते. त्यातून ओलाउगबद्दल कुणी असं म्हणावं, म्हणजे कमालच. तिच्या दारावरून पोस्टमनसुद्धा कधी कोरडा गेला नव्हता.

दुसरा एक पक्ष होता. त्याचं म्हणणं, ओलाउगच्या मेलेल्या नवऱ्याने, तोर्लाइफने, घरी गाळलेली दारू पायरीखाली पुरून ठेवली होती आणि म्हातारीला ती आता सापडली. हा पक्ष पुरुषांचा होता आणि त्यांच्या बोलण्यात निंदेपेक्षा हेवा जास्त होता.

दोन्ही पक्ष चुकले होते. पण त्याआधी ओलाउग कोण, ते ऐका.

आमच्या चर्चची ती राखणदार. चर्च अख्खं लाकडी, आठशे वर्षांचं, वरून डांबर फासलेलं. ऊन पडलं की भिंतींमधून डांबराचा वास सुटतो, आणि ओलाउग इतकी वर्षं त्या भिंतींना चिकटून राहिली होती की उन्हात तिलाही तोच वास यायचा. किल्ल्या तिच्या कमरेला. घंटा तिने वाजवायची, गवत तिने कापायचं, बर्फ तिने लोटायचा. पाद्री बदलत राहायचे. आताची पाद्रीबाई तर जर्मनीहून आलेली. ओलाउग मात्र तिथेच. रविवारी प्रार्थना संपली की वेदीवरची फुलं ती वृद्धाश्रमात घेऊन जायची. पूर्वी तिथे मालेना नावाची एक आंधळी म्हातारी होती. तिच्या नाकाशी एकेक फूल धरून "सांग बघू कुठलं" असं ओलाउग विचारायची, आणि मालेना मुद्दाम चुकीचं सांगायची, म्हणजे ओलाउगला आणखी थोडं बसावं लागेल. असा तो जीव. गावात तिला नाव ठेवायला जागा नव्हती, आणि हे गुन्वोरला फार वर्षं सलत होतं.

आता थडग्यांची गोष्ट. आमच्याकडे मेलेल्याला जमीन मिळते ती काही वर्षांच्या बोलीवर. मुदत संपली की घरच्यांनी पुन्हा पुढे यायचं. कुणी आलं नाही तर दगडाला एक पिवळी चिठ्ठी बांधतात: या थडग्याच्या नातेवाइकांनी चर्चशी बोलावं. चिठ्ठी वर्षभर पावसात भिजते. मग दगड निघतो आणि जागा दुसऱ्या कुणाला. डोंगर आणि खाडी यांच्यामध्ये माती आहेच मुळी पदराएवढी. सगळ्यांना कायमचं झोपू दिलं तर जिवंतांनी बटाटे कुठे लावायचे? निघालेला दगडही वाया जात नाही. कुणाच्या गोठ्यात फरशी होतो, कुणाच्या ओढ्यावर साकव. नाव खाली, पाठ वर. पंचांची परवानगी असते, सगळं कायद्याने असतं. यात कुणाला वावगं वाटत नाही.

वाटतं ते फक्त अमेरिकेहून येणाऱ्यांना.

उन्हाळ्यात ते येतात, भाड्याच्या गाडीतून, पांढरे बूट घालून, पणजोबांचं गाव शोधत. गाव त्यांना 'मुळं खणणारे' म्हणतं. पिवळी चिठ्ठी अमेरिकेतून वाचता येत नाही, हे त्यांना इथे येऊन कळतं. एकदा एका उंच टोपीवाल्या माणसाला ओलाउगने सरळ सांगून टाकलं होतं, की तुमच्या आजोबांची जागा दुसऱ्याला दिली. तो गवतात बसून वासरासारखा रडला. तेव्हापासून ओलाउगने एक वाक्य तयार केलं होतं: "तुमची माणसं या सगळ्या मातीत आहेत. कुठेही उभे राहा, त्यांच्याजवळच असाल." हे वाक्य बहुतेकांना पुरायचं. ते फोटो काढायचे, देणगीच्या पेटीत काहीतरी टाकायचे आणि पुढच्या खाडीकडे निघून जायचे.

डार्लीनला ते पुरलं नाही.

डार्लीन जुलैमधल्या एका कोरड्या दिवशी आली. रुंद, गोरी, घामाघूम, दोन्ही गुडघ्यांना पट्टे. फाटकातूनच हात हलवत आली आणि ओलाउगला तिने मिठी मारली. आमच्याकडे मिठी अंत्यविधीला वापरतात, त्यामुळे ओलाउगच्या तोंडून आपोआप "वाईट झालं" असं निघून गेलं.

"मी डार्लीन क्लाइव्हा. नॉर्थ डकोटाहून," ती म्हणाली. "मी ब्रिटाला भेटायला आले."

क्लाइव्हा म्हणजे चर्चच्या वरच्या अंगाला, कड्याखाली असलेलं एक खोपट. आता तिथे फक्त चुलीचे दगड उरलेत. ओलाउगचा हात कमरेच्या किल्ल्यांवर गेला.

"तुमची माणसं या सगळ्या मातीत आहेत," ती म्हणाली. "कुठेही उभी राहा..."

"हो, ते खरंच. पण माझ्याकडे फोटो आहे."

डार्लीनने प्लास्टिकच्या पाकिटातून तो काढला. काळापांढरा, कडा पिवळ्या पडलेल्या. मागे चर्चची भिंत आणि छोटी खिडकी, पुढे एक रुंद, सपाट, करड्या रंगाचा दगड, आणि दगडाच्या दोन्ही बाजूंना काठीसारख्या ताठ उभ्या दोघी, एक बाई आणि एक शाळकरी पोर.

ओलाउगला नाव वाचायची गरज पडली नाही. दगडाच्या डाव्या कोपऱ्याचा टवका उडाला होता. त्या खाचेत रोज सकाळी तिच्या केरसुणीच्या काड्या अडकायच्या.

"या दोघी कोण असतील?" डार्लीनने विचारलं.

"फोटो फार जुना आहे," ओलाउग म्हणाली.

"ब्रिटा माझ्या पणजोबांची आई. तिचे सगळे मुलगे अमेरिकेला गेले. बोलले होते, जमीन मिळाली की तुला बोलावतो. जमीन मिळाली. मग कोठार बांधायचं होतं, मग गोठा, मग दुष्काळ आला. ती इथे एकटीच गेली. मग त्यांनी हा दगड उभा करवला." डार्लीनने फोटोवरची धूळ अंगठ्याने पुसली. धूळ नव्हती. "आमच्या घरात हे जेवताना कुणी काढत नाही. माझा भाऊ वेन्डेल आता अंथरुणाला खिळलाय. तो म्हणाला, डार्ली, आपल्यातल्या एकाने तरी तिच्यापाशी जाऊन उभं राहायला हवं. एवढ्या वर्षांत कुणीच गेलं नाही."

 डार्लीनने फोटो डोळ्यांसमोर धरला आणि ती भिंतीची खिडकी जुळवत जुळवत मागे सरकू लागली. एक पाऊल डावीकडे, एक मागे. शेवटी खिडकी बरोबर बसली आणि ती थांबली. ती ज्याच्यावर थांबली ते थडगं मॉग्नेचं होतं, फेरीबोटीच्या कप्तानाचं. चकचकीत काळा दगड, त्यावर कोरलेली होडी. डार्लीनने आपली पिशवी त्या दगडाला टेकवून ठेवली.

"होडी काय सुंदर कोरलीय," ती म्हणाली. "ब्रिटा इथेच असायला हवी, नाही का? खिडकी जुळतेय."

हीच ती वेळ होती. ओलाउगला फक्त "हो" म्हणायचं होतं. हो, इथेच होती. आम्ही तिला उठवलं. दगड माझ्या दारात आहे. पण गवतात बसलेला तो टोपीवाला तिच्या डोळ्यांपुढे आला, आणि त्याच्यामागून आणखीही काही आलं. तिची जीभ दुसरीकडेच वळली.

"नाही," ती म्हणाली. "तेव्हा खिडकी दुसरीकडे होती."

आठशे वर्षांत जी खिडकी वितभर सरकली नव्हती, ती ओलाउगने एका वाक्यात सरकवली.

मग एकदा खोटं बोललं की त्याला बसायला जागा द्यावी लागते. ती डार्लीनला उत्तरेकडच्या कुंपणाजवळ, बर्चच्या झाडाखाली घेऊन गेली. तिथे हातभर खाली खडक लागतो. कुदळ चालत नाही म्हणून त्या कोपऱ्यात कधी कुणाला पुरलेलं नाही. छान गवत मात्र येतं.

"इथे," ओलाउग म्हणाली.

"आणि दगड?"

"खचला. गेला खाली."

"म्हणजे तो आपल्या पायांखाली आहे?"

"पायांखाली आहे," ओलाउग म्हणाली, आणि तिच्या कानांच्या पाळ्या तापल्या.

डार्लीन गुडघ्यांवर बसली. हे सोपं काम नव्हतं. ओलाउगला तिचा दंड धरावा लागला. तिने पिशवीतून औषधाच्या गोळ्यांची रिकामी बाटली काढली. आत डकोटाची काळीभोर माती. ती तिने बर्चच्या बुंध्याशी पसरली, तळहाताने थापटली. मग तिथलीच चिमूट चिमूट माती उकरून बाटली भरली, वेन्डेलसाठी. आणि हात जोडून ती आमच्या भाषेत प्रार्थना म्हणू लागली. घराण्यात पिढ्यानपिढ्या तेवढीच एक प्रार्थना टिकली होती, आणि ती होती जेवायला बसतानाची. अन्नाबद्दल देवाचे आभार. रिकाम्या थडग्यासमोर, जेवणाची प्रार्थना, अमेरिकन हेल काढून. दुसरा कुठला दिवस असता तर ओलाउगने हे गुन्वोरला सांगून हसवून हसवून मारलं असतं. आज तिला नुसतं "आमेन" म्हणायचं होतं आणि तेही तिने बुंध्याकडे बघत उरकलं.

"आमच्यातलं इथे कुणीच उरलं नव्हतं का?" डार्लीनने उठता उठता विचारलं. "दगडाकडे बघायला?"

"कुणीच नाही," ओलाउग म्हणाली.

इथवर येऊन सुटता आलं असतं. पण आल्मविकच्या माणसाचं तोंड, पाहुणा निघाला की, मालकाला न विचारता उघडतं. "कॉफी घेशील ना?" ओलाउग म्हणून बसली, आणि म्हटल्यावर तिला आपलं दार आठवलं.

घर चर्चच्या खालच्याच उतारावर. डार्लीन दाराशी आली, ओलाउगने आत जाताना बूट काढले हे तिने पाहिलं आणि आपले बूट काढायला पायरीवर बसली. थेट, ऐसपैस.

"आत खुर्ची आहे," ओलाउग घाईने म्हणाली. "आत बस. आत बरं आहे."

"नको गं. हा दगड किती ऊबदार आहे. आणि इथून चर्च दिसतं. मला इथेच दे."

काय करणार? ओलाउगने वॉफल भाजले, तपकिरी चीज कापलं, जॅम काढला, सगळं ट्रेमध्ये घालून बाहेर आणलं. डार्लीनने शेजारची जागा थोपटली.

"बस ना."

"पाठ धरलीय," ओलाउग म्हणाली आणि उभ्यानेच कॉफी प्यायली.

ब्रिटाची खापरपणती ब्रिटाच्या नावावर बसून वॉफल खात होती. गोळ्यांची बाटली तिने बशीशेजारी त्याच दगडावर ठेवली होती. आत कुणाचीही नसलेली माती. ओलाउगने कप खाली ठेवला.

"डार्लीन."

"हं?"

चर्चवर एक कावळा बसला. उठला.

"जॅम आणखी देऊ?"

"दे की," डार्लीन म्हणाली. निघताना तिने पुन्हा मिठी मारली. "एक काम करशील? नाताळच्या संध्याकाळी तुम्ही सगळे थडग्यांवर मेणबत्त्या लावता ना, तिच्यासाठी एक लाव. तू चांगली बाई आहेस, ओलाउग. ती एकटी नव्हती, तू होतीस हे मी वेन्डेलला सांगते."

चांगल्या बाईला त्या रात्री झोप आली नाही. चोराच्या मनात चांदणं म्हणतात. आमच्याकडे तर जुलैत अंधारही पडत नाही, त्यामुळे मनातलं आणि बाहेरचं एकच होऊन बसलं.

दुसऱ्या दिवसापासून ओलाउग तळघराच्या दाराने ये-जा करू लागली. बटाट्यांच्या पोत्यांमधून, डोकं वाकवून. गुन्वोरने चौथ्याच दिवशी विचारलं, "काय गं, स्वतःच्याच घरात चोरी करतेस का?" ओलाउगने दार फुगलंय म्हणून सांगितलं. तिची खोटी बोलणी आता चांगलीच वाढत चालली होती, कोंबडीच्या पिलांसारखी, एकामागून एक.

नाताळची संध्याकाळ आली. साऱ्या आवारात दिवे. बर्फावर पिवळा उजेड, लोक आपापल्या माणसांपाशी उभे, कुणी मोठ्याने बोलत नाही. ओलाउग एक मेणबत्ती घेऊन हिंडत राहिली. मॉग्नेच्या थडग्यावर ठेवावी तर त्याची बायको तिथेच उभी. ओलाउगचं आपल्या नवऱ्याकडे काय काम, हा प्रश्न तिला आयुष्यभर पुरला असता. बर्चखाली ठेवावी तर खोट्याला दिवा लावल्यासारखं. शेवटी ती मेणबत्ती तशीच घरी घेऊन आली आणि पायरीवर लावली. सगळ्यांच्याच दारात त्या दिवशी मेणबत्त्या असतात, कुणाला काही वाटलं नाही. मेणबत्तीने दगडावरचा बर्फ वाटोळा वितळवला. ओलाउग खिडकीतून बघत राहिली. मटण पानात निवलं.

नव्या वर्षात डार्लीनचा फोन आला. वेन्डेल गेला होता.

"माती त्याच्या मुठीत दिली," डार्लीन म्हणाली. "मूठ मीच मिटली. तो गेला तेव्हा अगदी शांत होता गं. म्हणाला, आता आपण ब्रिटाची विचारपूस केली. मेणबत्ती लावलीस?"

"लावली."

"विझली नाही ना?"

"नाही. बर्फ वितळला दगडावरचा."

"दगडावरचा?"

"जमिनीवरचा," ओलाउग म्हणाली.

त्यानंतर तिचं जेवण निम्म्यावर आलं. पाद्रीबाईने एका रविवारी तिला बाजूला घेऊन विचारलं, "तू बरी आहेस ना?" ओलाउग म्हणाली, घंटेचा दोर जड झालाय. पाद्रीबाईने बिचारीने नवा दोर मागवला.

बर्फ गेला तसा तिने शेजारच्या आन्फिनला ट्रॅक्टर घेऊन बोलावलं. आन्फिन म्हणजे दिवसाला तीन वाक्यं बोलणारा माणूस, त्यातली दोन गायींशी. पहारीने पायरी सैल केली, साखळी घातली, ट्रॅक्टरने ओढली. दगड उभा राहिला आणि हळूच दुसऱ्या कुशीवर पडला.

आवारातल्या जुन्या दगडांवरची अक्षरं पावसाने, शेवाळाने कधीच खाल्ली आहेत. या दगडावरची मात्र काल कोरल्यासारखी होती. तोंड वाळूत खुपसून तो निवांत पडला होता, त्याला ना वारा लागला ना गारा. *ब्रिटा क्लाइव्हा.* आणि त्याखाली, आमच्याकडे निम्म्या थडग्यांवर असतं तेच: *सगळ्याबद्दल आभार.*

ओलाउग मासळीच्या खोक्यावर बसली.

"हा ब्रिटाचा दगड आहे हे तुला आठवत होतं?" तिने विचारलं.

"एका टोकाला मीच होतो की," आन्फिन म्हणाला. "दुसऱ्या टोकाला तोर्लाइफ."

"मग इतक्या वर्षांत बोलला नाहीस ते?"

"विचारलं कुणी?"

आन्फिनने दगड चर्चच्या मागे नेऊन ठेवला. तिथे भिंतीला टेकून जुने, मालक नसलेले दगड ओळीने उभे असतात. त्यांत आणखी एक. तिकडे कुणी बघतही नाही. आणि त्याच दुपारी, डकोटात सकाळ झाली असेल असा हिशेब करून, ओलाउगने फोन लावला.

तिने सांगितलं. खिडकी हलली नव्हती. होडीवाल्या दगडाखालीच ब्रिटा होती, तू पिशवी ठेवलीस तिथे. बर्चखाली कधीच कुणी नव्हतं. आणि दगड खचला नव्हता. तू त्याच्यावर बसून वॉफल खाल्लंस.

 पलीकडे कुठेतरी कुत्रा भुंकत होता, अमेरिकन कुत्रा.

"तो ऊबदार दगड," डार्लीन अखेर म्हणाली.

"तोच."

"तुमच्या दारात कुणी आणला?"

ओलाउगने डोळे मिटले. "तोर्लाइफने. माझ्या नवऱ्याने. जुन्या लाकडी पायऱ्या कुजल्या होत्या. त्याने आणला, मी काही बोलले नाही."

"आणि विचारायला कुणीच नव्हतं."

"कुणीच नव्हतं," ओलाउग म्हणाली.

पुन्हा कुत्रा भुंकला.

"मग वेन्डेलच्या मुठीत काय आहे?"

"माती. आमचीच. चर्चची. पण नुसती माती."

ओलाउगला वाटलं, आता ती रडेल, ओरडेल, फोन आपटेल. तेवढं केलं असतं तर बरं झालं असतं. त्यासाठीच तर फोन केला होता. पण डार्लीनने नाक ओढलं आणि वेगळ्याच, हळू आवाजात बोलू लागली.

"ऐक. तू हे आणखी कुणाला सांगितलंयस का?"

"नाही."

"सांगू नकोस. मी इथे आमच्या चर्चच्या तळघरात भाषण दिलं गं. फोटो दाखवून. बर्चचा, मातीचा, सगळ्याचा. लोक रडले. शेजारच्या गावांतही बोलावलं मला, दोनदा. घरातले सगळे म्हणतात डार्लीनने घराण्याचं ऋण फेडलं. वेन्डेल ते ऐकून गेला. आता मी उठून सांगू, की मी कुणाच्या गवतावर जेवणाची प्रार्थना म्हणून आले?"

"पण मी..."

"तू सांगितलंस, तुझं झालं. आता माझं सांभाळ. गावात कुणाला कळलं की उद्या ते कुठल्या तरी चुलतभावामार्फत इकडे येतं. तुमच्याकडे ती एक बाई आहे म्हणालीस ना, दुकानातली?"

"गुन्वोर."

"तिला तर मुळीच नको. वचन दे."

ओलाउगने वचन दिलं. अपराधाचं ओझं ती डार्लीनच्या दारात ठेवायला गेली होती आणि परत येताना डार्लीनचंही घेऊन आली.

म्हणून गाव जेव्हा विचारू लागलं, की पायरी कुठे गेली, तेव्हा तिच्याजवळ सांगण्यासारखं काही उरलं नव्हतं. दारूचा पक्ष तिने हसण्यावारी नेला. कॉफीचा पक्ष तिने गिळला. तिची इच्छा असती तर आन्फिनने एका सकाळीत सिमेंटची पायरी ओतून दिली असती, पुढे होऊन विचारलंही त्याने, आणि हे आन्फिनने आपणहून विचारलेलं आमच्या आठवणीतलं एकमेव वाक्य. ओलाउग "बघू या" म्हणाली. मासळीचा खोका तसाच राहिला, कुजला की दुसरा आणायचा. त्यावर चढताना तिचे गुडघे वाजायचे. लोक येणं कमी झालं. जे आले त्यांना तिने कॉफी बाहेरच दिली, कारण आत बसून त्यांच्या तोंडाकडे बघत राहणं तिला जमेना; वॉफल भाजायला घेतलं की तिला तो जुलै आठवायचा, म्हणून तेही सुटलं. आणि असं करता करता, आयुष्यभर हात न आखडलेली ओलाउग म्हातारपणी खरंच कंजूष ठरली. तिने ते कधी खोडलं नाही. उलट गुन्वोर दुकानात तिच्यासमोरच टोमणा मारायची, "ओलाउग, कॉफीची पुडी घेतेस की नुसता वास?" तेव्हा ती मान खाली घालून ऐकून घ्यायची, प्रवचन ऐकावं तशी.

डार्लीनचा दर नाताळात फोन यायचा. "लावलीस?" "लावली." आता ती मेणबत्ती चर्चमागच्या ओळीत लावायची, जिथे वाऱ्याने ती फार वेळ टिकत नाही. पुढे एका वर्षी फोन आला नाही. ओलाउगने मेणबत्ती लावलीच.

ओलाउग गेली ती सप्टेंबरात, गवत कापून झाल्यावर. अंत्यविधीनंतर चर्चच्या सभागृहात कॉफी होती, बटाट्याच्या पोळ्या होत्या, वॉफलचा डोंगर होता. गुन्वोर भरली बशी घेऊन बसली आणि म्हणाली, "चला, शेवटी ओलाउगकडचं वॉफल मिळालं म्हणायचं." लोक हसले. मग हसणं मध्येच थांबलं, कारण गुन्वोरच्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि ते तिचं तिलाच कळलं नव्हतं.

आन्फिन कोपऱ्यात बसला होता. डार्लीन गेल्यावर ओलाउगने फोटोसकट सगळं त्याला एकट्याला सांगितलं होतं; आता तीही गेली, तेव्हा वचन सांभाळायला कुणी उरलं नव्हतं. त्याने कप खाली ठेवला आणि, कुणी विचारलेलं नसताना, बोलला.

पायरी कॉफीपायी निघाली नव्हती. ती ब्रिटा क्लाइव्हाच्या थडग्याचा दगड होती. तोर्लाइफला सिमेंटची पायरी हवी होती. तो दगड ओलाउगला आवडला होता, आणि नाव खाली घाला असं तिनेच सांगितलं होतं. फोटोतली शाळकरी पोर म्हणजे मालेना, ब्रिटाच्या भावाची नात. दगड काढला तेव्हा ती वृद्धाश्रमात होती. आंधळी होती, चिठ्ठी वाचू शकत नव्हती. ओलाउग दर रविवारी तिच्याकडे फुलं घेऊन जायची. थडग्याचं तिला तिने कधी विचारलं नाही.